सातवाहनकाळातली सरमिसळ दाखवणारं छोटं प्रदर्शन कसं मांडायचं

कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा मिळाला. त्यात पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची वीतभरही नसलेली मूर्ती होती, भूमध्य समुद्राकडून आलेली भांडी होती, आणि हत्तीवर बसलेल्या स्वारांची अस्सल इथली घडणही होती. हा साठा कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. या विषयावरची प्रदर्शनं हमखास पोसायडनवर जोर देतात आणि हत्ती कोपऱ्यात जातो. मग ‘भारतात सापडलेल्या रोमन वस्तू’ एवढाच विषय उरतो. निरनिराळ्या परंपरांची सरमिसळ दाखवायची तर हत्ती आणि पोसायडन एका नजरेत आले पाहिजेत.

जिल्हा संग्रहालय, महाविद्यालयाचा इतिहास विभाग किंवा एखादं इतिहास मंडळ यांच्याकडे साधारण ६५० चौरस फुटांची एक खोली, पाच शोकेस आणि सहा महिन्यांचा अवधी आहे असं धरून पुढची माहिती दिली आहे. एवढ्या जागेत २५ वस्तू पुरेत. तीसच्या पुढे गेलात की लोक चालत राहतात, बघत नाहीत.

वस्तू कशा निवडायच्या

यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना ठेवा: ‘दोन परंपरा नेमक्या कुठे भेटतात?’ त्याचं उत्तर वस्तूवर बोट ठेवून देता आलं पाहिजे. ‘एकंदर शैलीत’ असं उत्तर येत असेल तर ती वस्तू सोडून द्या. पुढे प्रकाश, आधार, फलक हे सगळं त्या एका जागेभोवती रचायचं आहे, त्यामुळे हा रकाना रिकामा ठेवून चालत नाही.

या कसोटीला सर्वांत चांगलं उतरतं ते क्षत्रप राजा नहपान याचं पुन्हा छापलेलं चांदीचं नाणं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली १३ हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली खूण मारलेली आहे: एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (अधिकाच्या चार टोकांना चार वर्तुळं). मूळ नाण्यावर पाश्चात्त्य धाटणीचं राजाचं डोकं, भोवती ग्रीक लिपी, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. म्हणजे तीन लिप्या आणि दोन राजे, तेही जेमतेम दीड सेंटिमीटरच्या चकतीवर. अशी तीन नाणी मिळवा: न छापलेलं एक, आणि पुन्हा छापलेली दोन, एक या बाजूने ठेवायला, एक त्या बाजूने.

त्याच्या जोडीला सातवाहनांचं स्वतःचं राजमुखाचं चांदीचं नाणं ठेवा. वासिष्ठीपुत्र पुळुमावी किंवा यज्ञ सातकर्णीचं चालेल. डोकं दाखवण्याची रीत क्षत्रपांकडून उचललेली, लिपी ब्राह्मी; लेख एका बाजूला प्राकृत, दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषेत. सरमिसळ फक्त समुद्रापलीकडच्यांशी नव्हती, दक्षिणेशीही होती, हे सांगायला याहून सोयीची वस्तू नाही.

तेर, म्हणजे जुनं तगर, इथली केओलिनच्या पांढरट मातीची मूर्ती दोन साच्यांत काढलेली, आतून पोकळ असते. पुढचा साचा आणि मागचा साचा जिथे जोडला तिथे कानामागून खाली एक बारीक शिवण दिसते. दोन साच्यांचं हे तंत्र भूमध्य समुद्राकडून आलं असं बरेच अभ्यासक मानतात. चेहरा, केशरचना, दागिने मात्र दख्खनी. बोट ठेवायची जागा ती शिवण. समोरून ठेवलेल्या मूर्तीत ती कधीच दिसत नाही.

तेर आणि तेलंगणातल्या कोंडापूरहून भाजलेल्या मातीच्या चकत्याही मिळाल्या आहेत. त्यांवर रोमन सम्राटाच्या नाण्याची नक्कल आहे आणि वर दोरा ओवायची कडी. इटलीतलं चलन इथे गळ्यातला दागिना झालं. कडी आणि सम्राटाचं डोकं दोन्ही एकत्र दिसतील असा नमुना मागा. कडी तुटलेला नमुना या प्रदर्शनाला काही कामाचा नाही.

हस्तिदंताचं प्रकरण उलट दिशेचं. पॉम्पेईत १९३८ साली भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. व्हेसुव्हियसच्या इ.स. ७९ च्या उद्रेकात ती गाडली गेली होती. आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, उंची सुमारे २५ सेंटिमीटर. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव रूढ असलं तरी बरेच जण तिला यक्षी मानतात, म्हणून फलकावर ‘लक्ष्मी’ अवतरणात लिहा. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्या. नेपल्सची मूळ वस्तू येणार नाही, तिचा खऱ्या मापाचा फोटो चालेल. मोठा करून लावू नका. तेरच्या मूर्तीशेजारी माप जुळलं तरच तुलना होते.

कार्ल्याच्या चैत्यातले खांब उचलून आणता येत नाहीत, पण त्यांवरचे लेख या विषयाचा कणा आहेत. धेनुकाकट इथल्या यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या लोकांनी, खांब दान दिल्याचं त्यांत लिहिलंय आणि दात्यांची नावं ‘सिहधय’, ‘धम्म’ अशी आहेत: माणूस यवन, नाव प्राकृत, दान बौद्ध संघाला. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं १७ क्रमांकाचं लेणं धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने कोरवलं. तो स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा योनक, म्हणजे यवन, म्हणवतो. वडिलांच्या नावात धम्म, मुलाच्या नावात इंद्र आणि अग्नी. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. हे लेख फोटोंतून दाखवायचे. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात घ्या, समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होऊन जातात. कागदाचा ओला ठसा घ्यायचा मोह टाळा: ही संरक्षित स्मारकं आहेत, पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय दगडाला हातही लावायचा नाही. जुने ठसे विद्यापीठांच्या संग्रहात असतात, त्यांची चांगली प्रत मागून घ्या.

‘रोमन’ लिहिण्याआधी

इथेच सगळ्यांत जास्त घोळ होतो, आणि तो पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या नोंदवह्यांतून आपोआप फलकावर उतरतो.

रुलेटेड वेअर, म्हणजे ताटाच्या तळाशी दातेरी चाकाने उमटवलेली वर्तुळं असलेली भांडी. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूच्या १९४५ च्या उत्खननानंतर ती बराच काळ भूमध्य समुद्राकडची मानली गेली. नंतर मातीची तपासणी झाली आणि ती भारतातच बनत होती असं दिसलं. तेव्हा नोंदवहीत ‘रोमन खापर’ असलं तरी फलकावर ‘भारतीय बनावट, नक्षीचं तंत्र बाहेरचं असण्याची शक्यता’ असं लिहा. सरमिसळ दाखवायला ते जास्तच उपयोगी पडतं.

दुसरा घोळ अँफोराचा. पश्चिम भारतातल्या स्थळांवरच्या ‘रोमन मद्यकुंभां’ची फेरतपासणी झाली तेव्हा त्यातली बरीच खापरं इराणी आखात आणि मेसोपोटेमियाकडच्या ‘टॉर्पेडो’ रांजणांची निघाली, त्यातली काही तर कितीतरी नंतरच्या काळातली. ओळखायचं कसं? अँफोराला दोन कान असतात. टॉर्पेडोला कान नसतात आणि आतून काळं डांबर फासलेलं असतं. इटलीतल्या कंपानियाच्या अँफोराच्या तुटलेल्या कडेवर भिंगातून ज्वालामुखीच्या वाळूचे काळे चमकदार कण दिसतात. दहापट भिंग घेऊन ताजी कड बघा. कड ताजी नसेल तर मुद्दाम तोडायची नाही, जाणकाराला दाखवायची. खात्री झाली नाही तर खापर प्रदर्शनात घेऊ नका. तसं बघितलं तर टॉर्पेडोचं खापर ‘टॉर्पेडो’ म्हणून ठेवलं तर तेही छान बोलतं: इथला व्यापार एकट्या रोमशी नव्हता.

प्रत्येक वस्तूचं सापडण्याचं ठिकाण, थर आणि साल नोंदीत आहे का, तेही बघा. ‘तेर, पृष्ठभागावर’ आणि ‘तेर, सातवाहन थर’ यांत फार फरक आहे. पृष्ठभागावरची वस्तू ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावरून काळ ठरवू नका.

वस्तू मिळवणं

तेरचं लामतुरे संग्रहालय आणि कोल्हापूरचं टाऊन हॉल संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. अर्ज तिथे करायचा, किमान चार महिने आधी. अर्जासोबत खोलीचा नकाशा, शोकेसचं माप, कुलपांची आणि पहाऱ्याची व्यवस्था आणि महिनाभराची आर्द्रतेची नोंद जोडा. शेवटची नोंद जोडलेले अर्ज फार कमी असतात, म्हणून ती जोडाच. विख्यात वस्तू मिळेलच असं धरून आखणी करू नका. पोसायडन नाही मिळाला तर त्याची जागा कशाने भरायची ते आधीच ठरवा.

खासगी संग्राहकाकडून मृण्मूर्ती किंवा धातुमूर्ती घेणार असाल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र बघून प्रत ठेवा. हस्तिदंत खासगी माणसाकडून घेऊच नका, वन्यजीव कायद्याचं झेंगट मागे लागतं. ‘आमच्या शेतात सापडलं’ असं म्हणून कोणी नाणी आणून दिली तर ती मांडायची नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

वस्तू ताब्यात घेताना सहा बाजूंनी फोटो काढा, शेजारी सेंटिमीटरची पट्टी आणि रंगपट्टी ठेवून. प्रत्येक तडा, टवका, हिरवा डाग कागदावरच्या आकृतीत दाखवा. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या.

शोकेस: सातवाहन नाण्यांचा खरा शत्रू

सातवाहनांची बरीचशी नाणी शिशाची किंवा पोटीनची (तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रणाची) आहेत. सुताराला सांगून नवं प्लायवूड किंवा एमडीएफचं शोकेस बनवलं, आत छान कापड लावलं, काच बंद केली, की शिशाचं मरण ओढवलं. लाकडातून, विशेषतः नव्या प्लायमधून आणि एमडीएफमधून, अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ निघत राहते. बंद पेटीत ती साठते आणि शिशावर पांढरी भुकटी येते. ही भुकटी म्हणजे नाण्याचंच शिसं. आधी अक्षरं जातात, मग कडा. पेटी जितकी घट्ट तितकं नुकसान जास्त, हे लोकांना पटत नाही, पण घडतं ते असंच.

म्हणून सांगाडा पावडर कोटिंग केलेल्या लोखंडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. काच लॅमिनेटेड, ६.३८ मिलिमीटरची. पाया लाकडी ठेवण्याशिवाय इलाज नसेल तर त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा वाफ अडवणारा पातळ पडदा सगळ्या कडा झाकून चिकटवा. रंग लावला असेल तर दार उघडं ठेवून किमान चार आठवडे वारं लागू द्या. काचेच्या सांध्यांना सिलिकॉन लावताना डब्याचा वास घ्या: व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते अ‍ॅसेटिक आम्ल सोडणारं आहे, परत करा आणि ‘न्यूट्रल’ प्रकारचं मागा.

अस्तराला लोकरीचं कापड, फेल्ट, रंगीत मखमल नको. लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. चांदीजवळ रबरही नको. साधं मांजरपाट घ्या, साबण न घालता गरम पाण्यात दोनदा धुवून खळ काढा, वाळवा. रंग हवाच असेल तर रंगीत आम्लरहित कागद वापरा.

कुठल्याही सामानाची शंका आली तर चाचणी अशी: काचेच्या लहान बाटलीत २ ग्रॅम सामान, घासून चकचकीत केलेले चांदी, तांबं, शिसं यांचे तीन तुकडे एकमेकांना न लागता टांगलेले आणि अर्धा मिलिलिटर पाणी असलेली छोटी नळी. बाटली घट्ट बंद करून ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस. शेजारी सामान न घातलेली तशीच दुसरी बाटली तुलनेसाठी. तुकडे दुसरीतल्या तुकड्यांपेक्षा काळे-पांढरे झाले तर ते सामान बाद. महाविद्यालयाच्या रसायन विभागाच्या ओव्हनमध्ये हे सहज होतं, फक्त महिना हातात ठेवून सुरू करा.

ओल

ब्राँझला ३५ ते ४० टक्क्यांच्या खाली आर्द्रता हवी. गाडलेल्या ब्राँझमध्ये क्लोराइड मुरलेलं असतं. आर्द्रता साधारण ४२ टक्क्यांच्या वर गेली की ते जागं होतं आणि फिकट हिरवी, चुन्यासारखी भुकटी येऊ लागते. घट्ट गुळगुळीत गडद हिरवा थर म्हणजे रोग नव्हे. भुकटी झटकली आणि आठवड्यात परत आली, तर रोग आहे. वस्तू कोरड्या हवाबंद डब्यात ठेवून संवर्धकाला बोलवा. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही लावायचं नाही.

हस्तिदंताला मात्र ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते आणि ती हलता कामा नये, नाहीतर तो तडकतो. म्हणजे कोल्हापूरचं ब्राँझ आणि तेरचा हस्तिदंत एका पेटीत राहू शकत नाहीत, विषयाच्या दृष्टीने कितीही शोभलं तरी. दोन पेट्या काटकोनात लावा, म्हणजे एका जागी उभं राहून दोन्ही दिसतात.

ब्राँझच्या पेटीसाठी सिलिका जेलचा हिशोब: सर्वसाधारण, थोडीफार हवा गळणाऱ्या पेटीला दर घनमीटरला २० किलो. पेटी १२० बाय ६० बाय ५० सेंटिमीटरची असेल तर ०.३६ घनमीटर, म्हणजे सुमारे ७ किलो. लोक जेलच्या चार पुड्या कोपऱ्यात टाकतात आणि काम झालं समजतात. त्याचा उपयोग शून्य. वस्तू ठेवायच्या फळीखाली ट्रेमध्ये ३ ते ४ सेंटिमीटर जाडीचा थर पसरा आणि फळीच्या चारी बाजूंना सेंटिमीटरभर फट ठेवा. फट नसेल तर खालची कोरडी हवा वर येणार कुठून? निळं जेल घेऊ नका, त्यातलं कोबाल्ट अपायकारक असतं. केशरी घ्या, ओल शोषली की ते रंग बदलतं. तेव्हा ११० ते १२० अंशांवर चार तास तापवून परत वापरायचं. ट्रे पुढून कुलूप उघडून काढता यावा, वस्तू न हलवता. सुताराला हे आधी सांगितलं नाही तर दर वेळी अख्खी मांडणी उचलावी लागते.

पेटीची घट्टाई तपासायला दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा. सुळकन निघाली तर गॅस्केट बदला.

आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास नको. झाकणात मीठ घेऊन त्यात चिखलाइतकं पाणी घाला, मापकासह झिपच्या पिशवीत १२ तास बंद ठेवा. ७५ टक्के दाखवायला हवं. ७० दाखवत असेल तर पाच मिळवून वाचत जा.

एसी दिवसा चालू, रात्री बंद असेल तर तो लावूच नका. रोजची चढउतार वस्तूंना कायमच्या जास्त आर्द्रतेइतकीच त्रासदायक. आणि शक्य असेल तर प्रदर्शन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. जुलैत कोल्हापुरात किंवा कोकणात ब्राँझ बाहेर काढायचं म्हणजे जेल भाजण्यासाठी एक माणूस नेमावा लागेल.

उजेड आणि आधार

हस्तिदंतावर रंगाचे अंश असतील तर ५० लक्स, नसतील तर १५० पर्यंत. माती, दगड, धातूंना ३०० चालतात, पण शेजारच्या पेटीत लख्ख उजेड असला की ५० लक्सची पेटी अंधारी वाटते, म्हणून बाकी सगळीकडे १५० च्या आसपास ठेवा. लक्समापक भाड्याने मिळतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपचा आकडा धरू नका. एलईडी ३००० केल्व्हिनचे, रंगदर्शन (सीआरआय) ९० च्या वर असलेले, ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा डबा) पेटीबाहेर. आत ठेवला तर पेटी तापते आणि आर्द्रतेचा हिशोब कोलमडतो.

नाण्यांना वरून उजेड टाकला तर फक्त चकाकी दिसते. एकाच बाजूने, २० ते ३० अंशांच्या तिरप्या कोनात बारीक दिवा लावा, म्हणजे टेकडीच्या खुणेखालची नहपानाची हनुवटी उठून येते. कोन आधी हाताने दिवा फिरवून ठरवा. दोन नाण्यांना एकच कोन लागू पडत नाही. शेजारी दहापट मोठा फोटो लावा आणि जिथे बघायचं तिथेच बारीक रेघ ओढा.

मूर्तीला आधार पितळी तारेचा, दोन मिलिमीटर जाडीचा, वर पॉलिओलेफिनची नळी चढवलेला. आधार वजन पेलतो, वस्तू आवळत नाही. तेरची पोकळ मूर्ती गळ्यात तार घालून कधीच उभी करू नका, साच्याच्या जोडावरच ती उकलते. खालून पॉलिथिलीन फोमची कोरलेली बैठक आणि पाठीला एक टेकू, एवढं बास. आणि तिला तीन-चतुर्थांश वळवून ठेवा. शिवण दिसली पाहिजे, हे आपण आधी ठरवलंय. पूर्ण बाजूने ठेवलं तर चेहरा जातो.

फेविकॉल, एम-सील, दुहेरी टेप, ब्लू-टॅक यांतलं काही वस्तूला लागता कामा नये. खापर उभं ठेवायचं असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा वाटाण्याएवढा गोळा, तोही घट्ट भाजलेल्या खापराला. सच्छिद्र केओलिनला मेण नको, डाग पडतो. धातू हाताळताना नायट्राइल हातमोजे. सुती मोजे मातीच्या वस्तूंवर घसरतात आणि टवक्यांत धागे अडकतात.

प्रतिकृती वापरायला काही कमीपणा नाही. फलकाच्या पहिल्या ओळीत ‘प्रतिकृती’ लिहा, शेवटच्या ओळीत नको. नाण्याची दहापट मोठी, हाताळता येणारी प्रतिकृती दाराशी ठेवा. दृष्टिहीनांना ती उपयोगी पडतेच, शाळेच्या मुलांचे हातही तिथेच शांत होतात.

फलक

एका वस्तूला ५० ते ६० शब्द. मथळा ४० पॉइंट, मजकूर २६, ओळींतलं अंतर दीडपट, कारण मात्रा आणि रफार वरच्या ओळीला भिडतात. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल तर रफार आणि जोडाक्षरं एकेक करून तपासा. छापून आल्यावर ‘र्‍य’ फुटलेला दिसला की पूर्ण फलक पुन्हा. फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरं, काचेवर काही छापायचं नाही. पेटीतला फलक ३० ते ४५ अंश कललेला.

नेहमीचा फलक असा असतो: ‘नहपानाचे नाणे. चांदी. या नाण्यावर विविध संस्कृतींचा सुंदर संगम पाहायला मिळतो.’ कुठे पाहायला मिळतो ते सांगितलेलंच नाही. त्याऐवजी:

‘एकाच नाण्यावर दोन राजे. चांदी, इ.स. १ लं–२ रं शतक, जोगळटेंभी, जि. नाशिक. टेकडीच्या खुणेखाली नाक आणि हनुवटी दिसते ती क्षत्रप नहपानाची. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवल्यावर ही नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपली खूण ठोकली. कडेला उरलेली अक्षरं ग्रीक लिपीतली आहेत. भाषा मात्र प्राकृत.’

हा मजकूर तुमच्याकडे आलेल्या नाण्यावर काय दिसतं ते बघून बदला. प्रत्येक नाण्यावर खूण वेगळ्या जागी बसलेली असते. एखाद्यावर नाक दिसतच नाही, एखाद्यावर ग्रीक अक्षरं पुरती झिजलेली असतात. पुस्तकातलं वर्णन उतरवलं की प्रेक्षक नाक शोधत बसतो आणि फलकावरचा त्याचा विश्वास उडतो.

‘प्रभाव’ हा शब्द जपून वापरा. त्यातून एक देणारा आणि एक घेणारा असं चित्र तयार होतं. मातीची चकती बनवणाऱ्या तेरच्या कारागिराने सम्राटाचं डोकं स्वतः निवडलं, वर कडी लावली आणि दागिना म्हणून विकली. वाक्य त्याला कर्ता करून लिहा. सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं असाही सूर नको. जोगळटेंभीची नाणी म्हणजे जिंकलेल्याने हरलेल्यावर मारलेली खूणच आहे. पेरिप्लस या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याणला येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला पाठवली जात अशी नोंद आहे. ती नकाशाच्या फलकावर घ्या. त्याच नकाशावर भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, हे पेरिप्लसमधलंच अंतर दिवसांतच दाखवा. किलोमीटरपेक्षा ते लवकर कळतं.

मांडणीचा क्रम

कालक्रम लावू नका, २५ वस्तूंत तो बसत नाही. दाराशी नाणी, कारण सरमिसळ बघायची सवय तिथे लागते. मग मातीच्या वस्तू. खोलीच्या मध्यात काटकोनातल्या दोन पेट्या: ब्राँझ आणि हस्तिदंत. शेवटच्या भिंतीवर कार्ले, नाशिक, जुन्नरचे लेख, खांबाच्या खऱ्या उंचीवर. वस्तूंनंतर माणसांची नावं वाचायला मिळाली की ती लक्षात राहतात. आधी लावली तर कोणी वाचत नाही. खापरं एका ट्रेमध्ये एकत्र घ्या, प्रत्येकाला वेगळा फलक देण्याची गरज नाही.

दोन पेट्यांत किमान १५० सेंटिमीटर जागा सोडा, चाकाची खुर्ची वळली पाहिजे. पेटीतली फळी जमिनीपासून ८० ते ८५ सेंटिमीटरवर; भिंतीवरच्या फलकांचा मध्य १४५ वर. उद्घाटनाच्या समईचा धूर आणि तेलाचा तवंग नको असेल तर समई दालनाबाहेर लावा. हारतुरेही बाहेरच, फुलांतून किडे येतात.

रोज सकाळी दार उघडल्यावर तीन गोष्टी वहीत लिहायच्या: प्रत्येक पेटीची आर्द्रता, जेलचा रंग आणि वस्तू मोजून आकडा. दर सोमवारी टॉर्च तिरपी धरून ब्राँझवर हिरवी आणि शिशावर पांढरी भुकटी शोधा. शिशावर दिसली तर नाणं त्याच दिवशी पेटीबाहेर काढून पॉलिथिलीनच्या नव्या पिशवीत ठेवा. फुंकर मारू नका, ती भुकटी विषारी असते. आणि मग त्या पेटीत नवं काय गेलंय ते शोधा. बहुतेक वेळा नंतर घातलेला लाकडी ठोकळा किंवा गोंद सापडतो.

उतरवताना क्रम उलटा: आधी हस्तिदंत, कारण दार उघडताच त्याला हवेचा धक्का बसतो, तो लगेच पॉलिथिलीनच्या अस्तराच्या खोक्यात गेला पाहिजे. मग ब्राँझ, कोरड्या जेलसह. नाणी शेवटी, एकेक करून यादीशी ताडत. घेतानाचे फोटो समोर ठेवून नवे काढा, त्याच सहा बाजूंनी, आणि वस्तू देणाऱ्याच्या माणसाची सही झाल्याशिवाय खोकं बंद करू नका.